निवडुंगाला खाणारा पतंग

ज्या फड्या निवडुंगाची लाल बोंडं खाऊन तुमच्या जिभा रंगतात ना बाळांनो, तो मुळात आपला नव्हेच. त्याचं माहेर अमेरिका. दूरदेशी गेला तो एका किड्यापायी. फड्यावर कापसासारखा पांढरा पुंजका दिसतो. तो चिरडला की बोट लालभडक! हाच कोचिनील किडा. इंग्रज अधिकाऱ्यांचे लाल डगले याच रंगाचे, आणि अर्धा किलो रंगाला किडे लागत सुमारे ७०,०००! म्हणून १७८८ साली ऑस्ट्रेलियात वसाहत करणाऱ्या फिलिपने येताना ब्राझीलहून किड्यांसकट निवडुंग आणला.

रंगाचा धंदा काही जमला नाही. पुढे कुंपणासाठी निवडुंगाच्या आणखी जाती आल्या. खाणारं कोणी नाही, तुटून पडलेला फडाही मूळ धरणार! १९२५ पर्यंत ६ कोटी एकर जमीन काट्यांखाली गेली. म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा पाऊण भाग धरा. कुऱ्हाड चालवली, जाळलं, आर्सेनिकचं विष घातलं. शेवटी कित्येक शेतकरी घरदार सोडून गेले.

मग जाणकारांनी निवडुंगाच्या माहेरी चौकशी केली, की तिथे याला खातं कोण? अर्जेंटिनातून एका करड्या पतंगाची जेमतेम तीन हजार अंडी आणली. नाव कॅक्टोब्लास्टिस. याची मादी मोठी बेरकी. अंड्यावर अंडं रचून अशी काडी करते, की वाटावं निवडुंगाचाच काटा! त्यातून निघालेल्या अळ्या मिळून एकच भोक पाडतात, आत शिरतात आणि गर फस्त करतात. उरतं नुसतं साल. आधी त्यांना उपाशी ठेवून इतर पिकांवर सोडून पाहिलं होतं. त्यांवर त्या जगल्या नाहीत. सात-आठ वर्षांत बहुतेक रान मोकळं! क्वीन्सलँडमधल्या बूनार्गाच्या लोकांनी गावच्या सभागृहालाच या पतंगाचं नाव दिलं.

  

पण पतंगालाही फार डोक्यावर घेऊ नका. १९८९ साली तो फ्लोरिडात सापडला. तिथला निवडुंग तिथलाच, परका हा! पलीकडे मेक्सिको. त्यांच्या झेंड्यावर निवडुंग, ताटात निवडुंगाची भाजी. २००६ साली त्यांच्या एका बेटावर पतंग दिसला, तेव्हा लोकांनी सापळे लावले, किडलेले फडे हुडकून नष्ट केले आणि तीन वर्षांत त्याला तिथून नाहीसा केला.