फिरत्या खाद्यगाडीची पाटी

पुणें-सोलापूर महामार्गानें इंदापूर तालुक्यांत शिरलेल्या प्रवाशाला भिगवणच्या आसपास माशांच्या जेवणाच्या पाट्या दिसूं लागतात. इकडे बारामतींत भिगवण रस्त्यावर सायंकाळ झाली कीं खाद्यपदार्थांच्या गाड्या उभ्या राहतात. कांहीं साध्या हातगाड्या असतात, तर कांहीं छोट्या टेम्पोची एक बाजू उघडून आंत शेगडी व कढई बसविलेल्या. या दुसऱ्या प्रकाराला आतां सर्रास ‘फूड ट्रक’ म्हणतात. गाडी कोणतीहि असो, गिऱ्हाईक प्रथम वाचतें ती तिची पाटी. आणि पुष्कळ पाट्यांवर एकच दृश्य आढळतें : रंगीत छपाई, पदार्थांचीं झोकदार नांवें, आणि किमतीच्या जागीं कागदाचा एक कपटा, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. एखादे दिवशीं वरचा कपटा गळून पडतो, जुना भाव उघडा होतो, आणि पाटीवर ६० रुपये व तोंडीं ७० रुपये असा प्रसंग उद्भवतो. अशा वेळीं जो वाद होतो तो दहा रुपयांचा नसतो. लिहिलेल्या शब्दाचा असतो.

गाडीवाल्याला लबाड ठरविणें सोपें आहे. परंतु बहुतेक वेळां दोष पाटीच्या रचनेचा असतो. आजकाल फ्लेक्स चौरस फुटाच्या हिशेबानें छापून मिळतो. समजा, पाटी चार फूट लांब व तीन फूट उंच, म्हणजे बारा चौरस फुटांची आहे. दोन पदार्थांचे भाव बदलले तरी सगळा फ्लेक्स पुन्हा छापावा लागतो. वास्तविक या पाटीवरील भावांचा रकाना नऊ इंच रुंद धरला, तर त्यानें सव्वादोन चौरस फूट जागा व्यापली. संपूर्ण पाटीच्या एकपंचमांशाहूनहि ती कमी. जें एकपंचमांश भागांत बदलतें, त्यासाठीं पूर्ण पाटीचा खर्च कोण वारंवार करील? मग मालक तीनपैकीं एक मार्ग धरतो : कपटे चिकटवितो, किंवा जुन्या भावांत तोटा सोसतो, किंवा मुकाट्यानें ताटांतील जिन्नस कमी करतो. तिसरा मार्ग गिऱ्हाइकाला सर्वांत उशिरां कळतो, आणि एकदां कळला म्हणजे तें पुन्हा येत नाहीं.

भाव बदलण्याचीं कारणें मालकाच्या हातचीं नसतात. एकोणीस किलोच्या व्यापारी सिलिंडरचा दर बहुधा दर महिन्याच्या १ तारखेस बदलतो. कांदा व खाद्यतेल यांचे भाव वर्षभर चढउतार करीत असतात. माशांची गोष्ट याहून निराळी. भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें आणि त्याचा फुगवटा भिगवणपर्यंत पोचला. त्या पाण्यांतील चिलापी, रोहू व कटला यांवर तेथील खानावळींचा मोठा भर असतो. कोणता मासा किती व केवढ्या आकाराचा मिळाला, यावर त्या दिवसाचें ताट व त्याचा भाव अवलंबून राहतो. असा भाव महिनाभराचा छापून ठेवणें म्हणजे उद्यांची आवक आजच ठरविणें होय.

गिऱ्हाईकहि ऋतूबरोबर पालटतें. पावसाळा सरल्यावर माळेगांव, सोमेश्वर व भवानीनगर येथील साखर कारखान्यांचे गाळप सुरू होतें आणि बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊंसतोड कामगारांचीं कुटुंबें येतात. हिवाळ्यांत कुंभारगांवच्या बाजूला रोहित पक्षी पाहण्यासाठीं शहरांतून पाहुणे येतात. ज्येष्ठ-आषाढांत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगांव केतकी, इंदापूर या वाटेनें पंढरपुराकडे जाते. त्या दिवसांत एरव्ही अंडाभुर्जी विकणाऱ्या गाडीलाहि साबुदाण्याची खिचडी व भगर यांचीं नांवें पाटीवर आणावीं लागतात. एकाच गाडीला वर्षांत तीन-चार वेगळ्या पाट्या लागतात, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

या अडचणीवरील उपाय एका साध्या विचारांत आहे. पाटीवरील मजकुराचे, तो किती काळ टिकणार यावरून, तीन भाग करावे. गाडीचें नांव, मालकाचा दूरध्वनि क्रमांक व अन्नसुरक्षा कायदा, २००६ खालील नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक हा वर्षानुवर्षें टिकणारा भाग. तो पेंटरकडून रंगवून घ्यावा किंवा रेडियमच्या कापीव अक्षरांत लावावा. दुकानांच्या नामफलकांसाठीं महाराष्ट्रांत २०२२ सालीं केलेल्या दुरुस्तीनें देवनागरींतील मराठी नांव आवश्यक झालें असून, मराठी अक्षरें इतर लिपींतील अक्षरांपेक्षां लहान असूं नयेत असा दंडक आहे. रंग देण्यापूर्वींच हें ध्यानांत घेतलें म्हणजे दुसऱ्यांदा खर्च पडत नाहीं. दुसरा भाग पदार्थांच्या नांवांचा; हा हंगामाबरोबर बदलणारा, म्हणून प्रत्येक पदार्थाची निराळी पट्टी करून ती खांचेंत सरकवितां येईल अशी व्यवस्था असावी. तिसरा भाग भावांचा. तो रोज बदलेल असेंच धरून चालावें.

या तिसऱ्या भागासाठीं अनेक साधनें आहेत आणि प्रत्येकाचे गुणदोष ठरलेले आहेत. खडूचा फळा सर्वांत स्वस्त. परंतु पावसाच्या एका सरीनें तो कोरा होतो, आणि कढईच्या जवळ टांगला तर तेलकट वाफेमुळें त्यावर खडू उमटत नाहीं. पांढऱ्या फळ्यावरील शाई उन्हांत फार दिवस राहिली तर सहजासहजीं पुसली जात नाहीं. ती रोज पुसून रोज लिहावी. चुंबकाच्या पट्ट्या सोईस्कर खऱ्या. पण त्या साध्या पोलादी पत्र्यालाच धरतात. ॲल्युमिनियमवर त्या मुळींच बसत नाहींत, आणि स्टेनलेस स्टीलच्या अनेक जातींवरहि नाहीं. म्हणून विकत घेण्यापूर्वीं एक लहानसा चुंबक गाडीला लावून पाहावा. शिवाय गाडी रस्त्याला लागण्यापूर्वीं पट्ट्या काढून ठेवाव्या. महामार्गावरील वारा त्या उडवून नेतो.

या सर्वांत टिकाऊ युक्ति जुन्या क्रिकेटच्या मैदानांवर पाहावयास मिळते. तेथील धावफलकावर अंकांचे पत्रे खिळ्यांना अडकवीत. तीच रीत गाडीला लागू पडते. प्रत्येक भाव पांच रुपयांच्या पटींत ठेवला, तर एकंच्या जागीं ० आणि ५ हे दोनच अंक येतात. पत्र्याच्या एका अंगास ० व दुसऱ्या अंगास ५ रंगविला, म्हणजे दहा पदार्थांच्या पाटीला त्या जागेसाठीं अवघे दहा पत्रे पुरतात. भाव पांचानें वाढला कीं पत्रा उलटवावा. दहंच्या जागेसाठीं मात्र निरनिराळ्या अंकांचे थोडे अधिक पत्रे जवळ ठेवावे. ‘संपलें’ असें लिहिलेले तीन-चार पत्रे तयार असले, तर नसलेल्या पदार्थाची मागणी व त्यापाठोपाठचा हिरमोड दोन्ही टळतात. एक इंच उंचीचें अक्षर सुमारें दहा फुटांवरून सुखानें वाचतां येतें, असा ढोबळ नियम आहे. देवनागरींत ही उंची वेलांटी व उकार सोडून मोजावी. १ आणि ९ हे अंक दुरून सारखे भासतात, तेव्हां ते विशेष ठळक काढावे.

मोबाइलनें वाचावयाचा क्यूआर चौकोन छापून सगळी यादी फोनवर दाखविण्याची प्रथाहि आतां पडली आहे. त्यांत बदल करण्यास छपाईचा खर्च नाहीं, हें खरें. परंतु ज्याचा फोन साधा आहे, किंवा ज्याला रस्त्यावरूनच भाव पाहून थांबावयाचें कीं पुढें जावयाचें तें ठरवावयाचें आहे, त्याच्यासाठीं ती पाटी नसल्यासारखीच. दीर्घ यादीला हा चौकोन पूरक म्हणून शोभतो. भावफलकाची जागा तो घेऊं शकत नाहीं.

साधन कोणतेंहि निवडलें तरी शिस्त हवी. शेगडी पेटविण्यापूर्वीं एकाच माणसानें भाव तपासावे, पाटीच्या कोपऱ्यांत त्या दिवसाची तारीख घालावी, आणि गिऱ्हाईक समोर उभें असतां अंक बदलूं नये. ज्याची मागणी जुन्या भावानें घेतली, त्याला जुन्याच भावानें द्यावें. पेट्रोलचे दर १६ जून २०१७ पासून देशभर रोज बदलूं लागले, तरी पंपावर त्यावरून रोज भांडण होत नाहीं. कारण आजचा दर तेथें समोर लिहिलेला असतो. लोक भाववाढीला कुरकुरतात, पण सोसतात. लपविलेला भाव मात्र ते सोसत नाहींत.

शहरांतून सहलीला आलेल्या कुटुंबाला भाव विचारण्यांत संकोच वाटत नाहीं. परंतु दिवसभर कोयता चालवून, मुलाचा हात धरून गाडीसमोर उभ्या राहिलेल्या बाईला तो वाटतो. अक्षरओळख नसली तरी अंक तिला कळतात, आणि पदरीं किती पैसे आहेत हेंहि तिला ठाऊक असतें. पाटीवर ठळक व खरा भाव असला, तर कोणाला कांहीं न विचारतां ती काय घ्यावयाचें तें ठरवूं शकते, किंवा मान खालीं न घालतां पुढें जाऊं शकते. भाव बदलण्यास सुलभ अशी पाटी गाडीवाल्याचा छपाईचा खर्च वांचविते, हें आहेच. पण ती खरी राहूं शकते ती त्याच सुलभतेमुळें.