आतून शिजलंय का? घरच्या कढईतलं भरलेलं चिकन ब्रेस्ट

भाग ऐकायला वेळ मिळाला नसेल तर हा घ्या त्याचा लेखी अवतार. थोडी काटछाट केलीय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

सुरुवात फजितीने. अंबरनाथ पश्चिमेला आमचं वन रूम किचन. एका रविवारी रात्री मी थाटात भरलेलं चिकन केलं. आत चीज-पालक, वरून झकास सोनेरी रंग. पहिला तुकडा आजीच्या ताटात. एक घास खाऊन ती म्हणाली, "अरे, हे आतून कच्चं आहे." बघतो तर मधोमध गुलाबी, चीज नुसतं कोमट. पुढचे दोन दिवस मी तासातासाला विचारत होतो, "आजी, पोट बरं आहे ना?" सुदैवाने काही झालं नाही. पण तेव्हापासून ही गोष्ट नीट समजून घेतली.

रंग का फसवतो?

उष्णता बाहेरून आत जाते, त्यामुळे मधलं सारण सगळ्यात शेवटी तापतं. आणि कच्च्या चिकनचं पाणी त्या सारणातच मुरलेलं असतं. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर हे पोट बिघडवणारे जिवाणू त्यात असू शकतात. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बायकांना त्यांचा त्रास जास्त होतो. म्हणून नुसतं चिकन नाही, सारणसुद्धा ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवं.

दुसरी अडचण म्हणजे ब्रेस्टमध्ये चरबी फारच कमी. जास्त शिजलं की लगेच कोरडं, चिवट. म्हणजे आत कच्चं राहायची भीती आणि बाहेर रबर व्हायची भीती, दोन्ही एकाच तुकड्यात! यावर उपाय जाडीचा. जाडी दुप्पट झाली की मध्यापर्यंत उष्णता पोचायला साधारण चौपट वेळ लागतो. म्हणून तुकडा पातळ आणि सगळीकडे सारखा हवा.

चिकन सेंटरवर काय सांगायचं?

"बोनलेस ब्रेस्ट द्या, तुकडे करू नका." हे आधीच सांगा, नाहीतर सवयीने सुरी चालते. दोन पीस, मिळून ४०० ग्रॅमच्या आसपास, दोघा-तिघांना पुरतात. खरेदी घराजवळच करा. ठाण्याहून चिकन घेतलं आणि कल्याणच्या पुढे लोकल रखडली, तर पंचाईत. कच्चं चिकन फ्रिजबाहेर दोन तासांच्या वर नको, आणि पारा ३२ च्या वर असेल तर एकच तास.

घरी आल्यावर नळाखाली धुऊ नका. हो, आई ओरडेल! पण धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांबरोबर जिवाणू सिंकभर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर जातात. टिश्यूने टिपून घ्या. हात, सुरी, बोर्ड साबणाने धुवा.

सारण आपलंच

चीज-पालकच हवं असं कुठे लिहिलंय? आपल्याकडे पापलेट भरतात ती हिरवी चटणी घ्या. अर्धी वाटी ओलं खोबरं, मूठभर कोथिंबीर, ३ मिरच्या, ४ लसूण पाकळ्या, मीठ, लिंबू. पाणी न घालता वाटा आणि तव्यावर दोन मिनिटं परतून कोरडी करा. ओलं सारण बाहेर गळतं आणि कढईत करपतं.

आता कृती

१. दोन्ही पीसना मिळून पाऊण छोटा चमचा मीठ आणि थोडी हळद चोळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. मिठामुळे चिकन आतलं पाणी धरून ठेवतं.

२. पीसच्या जाड बाजूने आडवी चीर देऊन खिसा करा. आरपार कापू नका. वर प्लॅस्टिक ठेवून जाड भाग लाटण्याने हलकेच ठोका.

३. प्रत्येकात एक ते दोन पोह्यांचे चमचे सारण भरा, टूथपिकने तोंड बंद करा. भरलं की लगेच शिजवायला घ्या. सकाळी भरून रात्री शिजवायचं, असं नको.

४. कढईत चमचाभर तेल. मध्यम आचेवर दोन्ही बाजू तीन-तीन मिनिटं.

५. दोन चमचे पाणी शिंपडा, झाकण ठेवा, मंद आचेवर ८ ते १० मिनिटं. मध्ये एकदा उलटा. गॅस बंद करून पाच मिनिटं तसंच राहू द्या.

खात्री कशी करायची?

सगळ्यात भरवशाचं म्हणजे किचन थर्मामीटर. टोक सारणाच्या मधोमध, आकडा ७४. नसेल तर सगळ्यात जाड पीस मधोमध कापून बघा. मांस पांढरं, पाणी स्वच्छ आणि सारण वाफाळतं हवं. एकही गोष्ट कमी वाटली तर परत झाकण आणि आणखी तीन-चार मिनिटं. कापलेला पीस दिसायला बरा दिसत नाही, मान्य. तो आपण खायचा.

परवा पुन्हा केलं. या वेळी स्वयंपाकघरातच कापून बघितलं आणि मगच आजीला वाढलं. तिने चटणी चाखली आणि म्हणाली, "पापलेटात जास्त छान लागते." पण ताट मात्र स्वच्छ!

तुमच्या घरी सारणात काय भरता, ते आम्हाला व्हॉइस नोटवर सांगा. भेटू पुढच्या भागात. जेवून घ्या!