शालेय सहल आणि वाहनखर्चाचा हिशेब

सहलीचे शैक्षणिक महत्त्व सर्वमान्य आहे. भूगोलातील घाट आणि इतिहासातील किल्ला प्रत्यक्ष पाहिल्याने मुलांच्या मनावर जो ठसा उमटतो, तो केवळ पाठ्यपुस्तकाने उमटत नाही. तथापि सहलीची वर्गणी जाहीर होताच काही हात खाली जातात, हा खेड्यातील शाळांचा नित्याचा अनुभव होय. मजुरी करणाऱ्या पालकाचे मूल घरी राहते. आणि ज्याला गावाबाहेरचे जग पाहण्याची सर्वांत अधिक गरज, तेच मूल वंचित होते. वर्गणीचा मोठा भाग वाहनावर खर्च होत असल्यामुळे वाहनाची व्यवस्था विचारपूर्वक करणे हे शिक्षकाचे पहिले कर्तव्य ठरते.

राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या मार्गावर धावली. तेव्हापासून खेड्यापाड्यांशी जडलेली ही सेवा शालेय सहलीस आजही सर्वांत सोयीची आहे. संपूर्ण गाडी ठरविण्याच्या पद्धतीस प्रासंगिक करार म्हणतात व शैक्षणिक सहलीसाठी त्यात भाड्याची ५० टक्के सवलत मिळते. त्यासाठी मुख्याध्यापकांनी शाळेच्या सही-शिक्क्याचे पत्र आगार व्यवस्थापकांकडे द्यावे. पत्रात दिनांक, मार्ग, विद्यार्थी व शिक्षक यांची संख्या स्पष्ट असावी आणि सोबत सहलीच्या परवानगीची प्रत व विद्यार्थ्यांची यादी जोडावी.

आकार ठरण्यापूर्वी तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. आगारातून गाडी गावी येण्याचे व परत जाण्याचे अंतर हिशेबात धरले जाते काय? किमान किती किलोमीटरांचा आकार द्यावा लागतो? पथकर, वाहनतळ व मुक्काम यांचा खर्च वेगळा आहे काय? यांतील दुसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. वाई ते महाबळेश्वर सुमारे ३२ किलोमीटर आणि तेथून प्रतापगड सुमारे २४ किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन अंतर साधारण ११० किलोमीटर भरते. किमान आकार याहून अधिक अंतराचा असेल, तर उरलेल्या अंतरात आणखी एखादे स्थळ जादा खर्चावाचून पाहता येईल. जे पैसे द्यावयाचेच आहेत, त्यांचा पुरेपूर उपयोग करावा.

गाडीचा आकार प्रवाशांच्या संख्येवर अवलंबून नसतो. म्हणून रिकामी आसने ही सर्वांत मोठी हानी होय. समजा, सवलत वजा जाता आकार ९,००० रुपये झाला. ४५ मुले असतील तर प्रत्येकी २०० रुपये पडतील, ३६ असतील तर २५० रुपये. एकाच केंद्रातील दोन लहान शाळांनी मिळून सहल काढल्यास हा फरक टळतो. मात्र आसनांहून अधिक मुले बसविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. माल वाहणारी वा परवाना नसलेली वाहने कितीही स्वस्त मिळाली तरी ती वर्ज्य समजावीत.

अगदी लहान शाळेने नियमित गाडीचाही विचार करावा. ५ ते १२ वर्षांच्या मुलांस निम्मे भाडे पडते. म्हणजे अशा १८ मुलांस ९ पूर्ण तिकिटांइतकाच खर्च येतो. राज्यांतर्गत प्रवासात महिलांनाही १७ मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे; तेव्हा शिक्षिका व मोठ्या विद्यार्थिनी यांचा खर्चही कमी होतो. अशा वेळी आगारप्रमुखांना आधी कळवून कमी गर्दीची गाडी निवडावी व परतीच्या शेवटच्या गाडीवर विसंबून राहू नये.

दूरच्या सहलीसाठी आगगाडी उपयुक्त होय. अभ्याससहलीस विद्यार्थ्यांना रेल्वेची सवलत असते. तिचा अर्ज कसा करावा हे जवळच्या स्थानकावर आधीच विचारावे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासापूर्वी ६० दिवस आधी खुले होते, हे ध्यानात ठेवावे.

दिवसाची निवडही खर्चाशी व सोयीशी निगडित आहे. कार्तिकी यात्रा, लग्नसराई व सुट्ट्या या काळात गाड्यांची ओढ असते. म्हणून आठवड्यातील कामाचा दिवस निवडून अर्ज पुष्कळ आधी करावा. भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी आणि सहलीनंतर जमाखर्च शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावा. हिशेब उघडा असला की पुढील वर्षी पालक निःशंकपणे वर्गणी देतात.

एवढे करूनही काही मुलांना वर्गणी जड जाईल. त्यांची नावे वर्गात न उच्चारता, समितीच्या व गावातील दात्यांच्या साहाय्याने त्यांचा वाटा भरून काढावा. वर्गणी ठरविण्यापूर्वीच अशा मुलांची संख्या शिक्षकाने मनाशी धरलेली असावी. सहलीच्या दिवशी हजेरीपटावरील सर्व नावे गाडीत असतील, तर हिशेब बरोबर झाला असे समजावे.