विद्यापीठीय वेळापत्रक आणि आलेख-रंगीकरण

ज्या दोन विषयांना एक जरी विद्यार्थी समान असेल, ते विषय एकाच तासिकेस ठेवता येत नाहीत, ही वेळापत्रकाची मूळ अडचण होय. गणितात ती आलेखाच्या रूपाने मांडली जाते. प्रत्येक विषय हा एक बिंदू मानावा, परस्परविरोधी विषयांचे बिंदू रेषेने जोडावेत आणि जोडलेल्या बिंदूंना भिन्न रंग द्यावेत. येथे रंग म्हणजे तासिका. वेल्श व पॉवेल यांनी १९६७ साली मांडलेल्या पद्धतीत सर्वाधिक रेषा असलेल्या बिंदूपासून उतरत्या क्रमाने पहिला रंग शक्य तितक्या बिंदूंना दिला जातो. उरलेल्यांसाठी दुसरा, याप्रमाणे.

समजा, अर्थशास्त्राचा सांख्यिकी, भूगोल व मराठी यांच्याशी, सांख्यिकीचा भूगोलाशी आणि मराठीचा मानसशास्त्राशी विरोध आहे व प्रत्येक विषयास एकच तासिका हवी आहे. अर्थशास्त्र व मानसशास्त्र पहिल्या तासिकेत, सांख्यिकी व मराठी दुसऱ्या, तर भूगोल तिसऱ्या तासिकेत बसतो. मात्र एका विद्यार्थिनीने अर्थशास्त्र, सांख्यिकी व भूगोल यांच्या जोडीला मराठी निवडले, की हे चारही विषय परस्परांशी जोडले जातात आणि ४ तासिका अटळ ठरतात. महाविद्यालयाकडे तीनच असतील तर कोणताही अल्गोरिदम चौथी निर्माण करू शकत नाही.

विषय शेकडो झाले की किमान रंगसंख्या शोधणेही दुष्कर होते; आलेख-रंगीकरणाचा प्रश्न कार्प यांच्या १९७२ च्या २१ कठीण प्रश्नांच्या यादीत आहे. म्हणून व्यवहारात जननिक अल्गोरिदम, टाबू शोध यांसारख्या पद्धतींनी पुरेसे चांगले उत्तर स्वीकारले जाते.

परंतु 'चांगले' कशास म्हणावे, हे यंत्र ठरवीत नाही. अटी अनिवार्य व इष्ट अशा दोन प्रकारच्या असतात. इष्ट अट मोडल्यास ठरावीक दंडगुण लागतात. आंतरराष्ट्रीय वेळापत्रक स्पर्धेच्या २००७ मधील नोंदणीोत्तर विभागात विद्यार्थ्याच्या दोन तासिका एकाच वेळी न येणे ही अनिवार्य अट होती. २०१९ च्या स्पर्धेत मात्र असा संघर्ष दंडगुणांत मोजला गेला. दुसऱ्या मांडणीत उपरोक्त विद्यार्थिनीची अडचण ही बेरजेतील एक लहानशी संख्या ठरते.

अनेक महाविद्यालयांत विषयगट आधीच निश्चित करून निवड त्यांच्या आत बांधली जाते. तेथे संघर्ष आलेखात दिसतच नाही, कारण ती जोडी मागण्याची मुभाच नसते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने बहुविद्याशाखीय निवडीचा पुरस्कार केल्यानंतर हा क्रम उलटा करणे, म्हणजे प्रथम पसंती नोंदवून मग आलेख रचणे, अधिक सयुक्तिक होय. त्यातून नाकारलेल्या जोड्यांची संख्या तरी प्राचार्यांच्या टेबलावर येते.