फाइल दिसली म्हणजे मिळाली असे नव्हे



परीक्षा जवळ आली की शाळेच्या कार्यालयात एक तक्रार हमखास येते: "प्रश्नसंच काल डाऊनलोड केला होता, आज सापडत नाही." चौकशी केली की बहुतेक वेळा असे निघते की फाइल डाऊनलोड झालीच नव्हती. ती ब्राउझरमध्ये नुसती दिसत होती. खिडकी बंद केली, इंटरनेट गेले आणि प्रश्नसंचही गेला. आवेदनपत्राची शेवटची तारीख असेल किंवा प्रवेशपत्र छापून घ्यायचे असेल, तर एवढीशी गोष्ट महागात पडते. म्हणून हा विषय समजून घेऊ या.

सरकारी कार्यालयात कागद पाठवताना त्यावर शेरा असतो. 'अवलोकनार्थ' म्हणजे पाहून घ्या, 'संग्रहार्थ' म्हणजे जपून ठेवा. इंटरनेटवरही असेच चालते. आपण एखाद्या दुव्यावर क्लिक केले की तिकडचा संगणक, म्हणजे सर्व्हर, फाइल पाठवतो आणि तिच्या पुढे काही ओळी जोडतो. या ओळींना हेडर म्हणतात. आपल्याला त्या दिसत नाहीत, पण ब्राउझर आधी त्याच वाचतो.

त्यातील दोन ओळी आपल्या कामाच्या आहेत. पहिली 'कन्टेन्ट-टाइप': ही फाइल चित्र आहे, पीडीएफ आहे की आणखी काही, हे ती सांगते. दुसरी 'कन्टेन्ट-डिस्पोझिशन': फाइलचे काय करायचे, हे ती सांगते. तिथे 'इनलाइन' लिहिले असेल तर ब्राउझर फाइल दाखवतो. 'अटॅचमेंट' लिहिले असेल तर ती साठवून ठेवतो. ही ओळ मुळात ई-मेलसाठी होती. तिचा १९९७ चा नियम आरएफसी २१८३ या क्रमांकाने ओळखला जातो. वेबसाठी तो २०११ मध्ये आरएफसी ६२६६ म्हणून नीट मांडला गेला. फाइलला देवनागरीत नाव कसे द्यायचे, याचीही सोय त्यात आहे.

दुसरी ओळ नसेलच तर? मग ब्राउझर स्वतः ठरवतो. जे दाखवता येते ते दाखवतो, जे येत नाही ते उतरवून ठेवतो. पूर्वी पीडीएफ पाहण्यासाठी वेगळा प्रोग्राम लागत असे. क्रोममध्ये २०१० साली आणि फायरफॉक्समध्ये २०१३ साली पीडीएफ दाखवण्याची सोय आतच आली. वाचणे सोपे झाले, पण 'पाहिले' आणि 'घेतले' यांतला फरक डोळ्यांआड झाला.

आता संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांचे काम. सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे सर्व्हरवरच त्या फाइलींना 'अटॅचमेंट' हा शेरा लावणे. दुसरा उपाय पानावरच्या दुव्याला 'डाऊनलोड' असा शब्द जोडण्याचा. हा सोपा आहे, पण फाइल आपल्याच संकेतस्थळावर असेल तरच चालतो. दुसऱ्याच्या संकेतस्थळावरील फाइलसाठी ब्राउझर तो शब्द मानत नाही. काही जण पीडीएफ झिपमध्ये बांधून ठेवतात. तीही उतरते खरी, पण फोनवर ती उघडताना लहान मुलांची व आजी-आजोबांची तारांबळ उडते.

सगळेच उतरवायला लावणेही बरोबर नाही. सुट्टीची सूचना किंवा वेळापत्रक एकदा पाहिले की काम झाले. ते फोनमध्ये कशाला साठवायचे? प्रश्नसंच, आवेदनपत्रे, पाठ्यक्रम मात्र घरी हवेत. पहिले अवलोकनार्थ, दुसरे संग्रहार्थ.

पालक व विद्यार्थ्यांच्या हातातही बरेच आहे.

१) संगणकावर दुव्यावर माऊसचे उजवे बटण दाबून 'सेव्ह लिंक अ‍ॅज' निवडावे. फाइल आधीच उघडली असेल तर कंट्रोल व एस ही बटणे एकदम दाबावीत.

२) क्रोम, फायरफॉक्स व एज या तिन्हींच्या सेटिंग्जमध्ये पीडीएफ न दाखवता थेट उतरवण्याचा पर्याय आहे. घरच्या संगणकावर तो एकदा लावला की पुरे.

३) आयफोनवर फाइल उघडल्यावर शेअरचे चिन्ह दाबून 'सेव्ह टू फाइल्स' निवडावे.

४) ब्राउझरमध्येच आवेदनपत्र भरले असेल तर ते साठवल्याशिवाय खिडकी बंद करू नये. भरलेला मजकूर जातो.

५) शेवटी इंटरनेट बंद करून डाऊनलोड्सच्या फोल्डरमधून फाइल उघडून पाहावी. उघडली तरच ती आपली.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. बाहेरच्या छपाईच्या दुकानात अंकसूची किंवा आधार कार्ड उतरवले, तर त्याची प्रत त्या संगणकावर राहते. छापून झाले की डाऊनलोड्समधून आणि रिसायकल बिनमधूनही ती पुसावी, आणि ई-मेलमधून बाहेर पडूनच उठावे.

विश्वस्त मंडळाला एक निवेदन. संकेतस्थळाचे काम कोणालाही देताना हा मुद्दा लेखी घालावा. विशेषतः बाहेरून लोक फाइली पाठवू शकतात अशी सोय असेल, तर त्या पुन्हा उघडताना 'अटॅचमेंट' म्हणूनच उतराव्यात. पाठवलेल्या फाइलमध्ये एखादे वेबपान आणि त्यात लपवलेला प्रोग्राम असला, तर ती ब्राउझरमध्ये दाखवताच तो प्रोग्राम आपल्याच संकेतस्थळाच्या नावाने चालू शकतो.

विद्यार्थ्यांनी या आठवड्यात घरच्यांना पाचवी पायरी करून दाखवावी. आजीच्या फोनपासून सुरुवात केली तर उत्तम.