परवलीचा शब्द कुणाला सांगावा?

मंडळी, तुमच्या गावातून एखादा मुलगा, एखादी मुलगी यंदा पुण्या-मुंबईला शिकायला गेली असेल. विद्यापीठात नाव दाखल झाले की बहुतेक ठिकाणी दोन गोष्टी हाती पडतात. एक ओळखपत्र, आणि दुसरे संगणकावरचे खाते, म्हणजे एक नाव व एक परवलीचा शब्द. ओळखपत्र मुले जपतात. परवलीचा शब्द मात्र मित्राला सांगतात, वहीच्या पाठीवर लिहितात. वास्तविक खोलीच्या किल्लीपेक्षा ही किल्ली मोठी. परीक्षेचा अर्ज, निकाल, ग्रंथालयातली नियतकालिके, शिष्यवृत्तीची पत्रे, पुष्कळदा सारे काही हिनेच उघडते.

हे जाळे आपल्याकडे तसे जुनेच आहे. 1986 साली भारत सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘अर्नेट’ ही योजना हाती घेतली. पाच आय.आय.टी., बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि मुंबईत जुहूला असलेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र अशा आठ ठिकाणांपासून सुरुवात झाली. आधी टेलिफोन जोडून पत्रे धाडीत. मग खास तारा आल्या, त्यांचा वेग सेकंदाला 9,600 बिट. इंग्रजी अक्षराला आठ बिट धरले तर सेकंदाला बाराशे अक्षरे झाली. आज एक साधे छायाचित्र पाठवायला त्या तारेला काही मिनिटे, कदाचित तासभरही लागेल! सामान्य जनतेला इंटरनेट मिळाले ते 15 ऑगस्ट 1995 रोजी.

आता ज्या सोयीबद्दल मुद्दाम सांगायचे ती ‘एज्युरोम’. 2002 च्या सुमारास युरोपात ही कल्पना निघाली. आज ती शंभराहून अधिक देशांत आहे, आणि भारतात अर्नेटच ती चालविते. ज्या संस्था तिच्यात सामील आहेत, त्यांपैकी एकीचा विद्यार्थी दुसरीच्या आवारात गेला तरी त्याला आपल्याच खात्यावर बिनतारी इंटरनेट मिळते. तिथे नवे खाते काढावे लागत नाही.

हे जमते कसे? जुनी हुंडीची पद्धत आठवा. परगावचा व्यापारी तुम्हाला ओळखत नसे, पण तुमच्या पेढीला ओळखे. इथेही तसेच. खात्याच्या नावाचे दोन भाग असतात. मधल्या ‘ॲट’ चिन्हाच्या पुढे संस्थेचे नाव. पाहुणचार करणारी संस्था तेवढे वाचते आणि विचारणा देशाच्या मुख्य केंद्रामार्फत मूळ संस्थेकडे पाठविते. परवलीचा शब्द जातो तो मोहोरबंद लिफाफ्यात, आणि तो लिफाफा घरच्या पेढीवरच उघडतो. तिकडून ‘होय, हा आमचाच’ असा निरोप आला की दार उघडते. वाटेत कुणालाही शब्द कळत नाही.

पण इथेच एक खोच आहे, बरे का. ‘एज्युरोम’ हे नाव लावून कोणीही लबाड माणूस एखादी पेटी बाजारात, स्थानकावर मांडू शकतो. समोरची पेढी खरी की खोटी, हे फोनने तिच्या प्रमाणपत्रावरून तपासायचे असते. ‘हे प्रमाणपत्र अनोळखी आहे, चालेल का?’ असे फोनने विचारले आणि मुलाने घाईने ‘चालेल’ म्हटले, की लिफाफा चोराच्या हाती उघडलाच म्हणून समजा. तेव्हा फोनची मांडणी आपल्याच आवारात, संगणक केंद्राने दिलेल्या रीतीने करून घ्यावी, आणि परक्या जागी असा प्रश्न आला तर सरळ ‘नाही’ म्हणावे. शिवाय एज्युरोमला जोडताना परवलीचा शब्द कोणत्याही वेबपानावर भरावा लागत नाही. तसे पान समोर आले तर ते एज्युरोम नव्हेच.

दुसरी फसवणूक सूचनांची. ‘आज रात्री दुरुस्तीसाठी सेवा बंद राहील’ अशा सूचना संगणक केंद्रे नेहमीच काढतात. त्याच थाटात खोटे पत्र येते : ‘तुमचे खाते बंद होत आहे, परवलीचा शब्द कळवा.’ खरे केंद्र शब्द कधी मागत नाही. त्याला तो लागतच नाही. शंका आली तर पत्रातल्या दुव्यावर बोट न ठेवता केंद्रात जाऊन विचारावे.

शिक्षकांसाठी आणखी एक. 2021 साली गूगलने शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद साठवण बंद करण्याचे जाहीर केले; जुलै 2022 पासून साऱ्या संस्थेला मिळून मूळची 100 टेराबाइट अशी मर्यादा आली. अनेक विद्यापीठांनी मग जागा आखडली, काहींनी जुन्या विद्यार्थ्यांची खाती मिटविली. शिष्यवृत्ती, बँक, नोकरी यांच्या अर्जांवर विद्यापीठाचा पत्ता दिलेला असेल, तर पुढची पत्रे हवेतच जायची. अशा अर्जांवर स्वतःचा कायमचा पत्ता घालायला मुलांना सांगा, आणि प्रबंध, गुणपत्रके यांच्या प्रती शेवटच्या परीक्षेआधीच काढून घ्यायला लावा. खाते मिटण्याची मुदत प्रत्येक विद्यापीठाची निराळी असते.