घरच्या घरी मोडाची कडधान्ये : पोषण व दक्षता

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वाळूज परिसरात आज दोन प्रकारच्या वस्त्या शेजारी शेजारी नांदत आहेत. एकीकडे गंगापूर तालुक्यातील शेतकरी कुटुंबे आहेत. दुसरीकडे औद्योगिक वसाहतीच्या आश्रयाने बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी इत्यादी ठिकाणी लहान खोल्यांतून राहणारी कामगार कुटुंबे आहेत. या दोघांची एक अडचण मात्र सारखीच आहे. फाल्गुन सरला की विहिरींचे पाणी खोल जाते, परसबागा वाळतात आणि बाजारातील भाजीपाला महागतो. कामगाराच्या खोलीला तर परसच नसते. अशा दिवसांत मूठभर मटकी, एक फडके आणि दोन-तीन लिटर स्वच्छ पाणी एवढ्या साधनांवर दोन दिवसांत ताजे अन्न तयार करता येते.

कडधान्यांना मोड आणण्याची विद्या मराठी घरांना नवी नाही. मात्र कोणते धान्य घ्यावे व कोणते मुळीच घेऊ नये, याविषयी पुष्कळ ठिकाणी हयगय होते आणि ती जिवावर बेतू शकते. म्हणून या विषयाचा येथे साद्यंत विचार केला आहे.

मोड येताना काय घडते

कोरड्या दाण्यात अंकुर निद्रिस्त असतो. पाणी, हवा व ऊब ही तिन्ही मिळताच तो जागा होतो. त्याच्या वाढीसाठी दाण्यातील विकरे कामास लागतात व साठवलेल्या पिष्टाचे व प्रथिनांचे साध्या घटकांत रूपांतर करू लागतात. पोटात वायू धरविणाऱ्या शर्करा या क्रियेत कमी होतात. लोह व जस्त यांना अडवून धरणारा फायटेट नावाचा पदार्थही काही अंशी मोडतो. मोडाची उसळ पचावयास हलकी का, याचे उत्तर यात आहे.

याहून महत्त्वाचा फरक 'क' जीवनसत्त्वाचा होय. कोरड्या कडधान्यात ते जवळजवळ नसते. मोड येताना ते नव्याने तयार होते. पहिल्या महायुद्धात, १९१५-१६ साली, इराकमधील कुत येथील वेढ्यात अडकलेल्या भारतीय सैनिकांत या जीवनसत्त्वाच्या अभावी स्कर्व्हीचा रोग पसरला होता. त्या सैन्यात मराठा पलटणीही होत्या. त्याच महायुद्धाच्या सुमारास लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले की, कोरड्या कडधान्याने हा रोग टळत नाही, परंतु भिजवून मोड आणलेल्या त्याच धान्याने टळतो. हेच जीवनसत्त्व अन्नातील लोह शरीरात शोषले जाण्यासही साहाय्य करते. रक्तक्षय असलेल्या स्त्रिया व वाढती मुले यांना म्हणूनच मोडाचे अन्न विशेष उपयोगी आहे.

धान्याची निवड

मटकी, मूग, हुलगा, चवळी व हरभरा ही कडधान्ये मोडांसाठी उत्तम होत. मुगाचे बदनापूर येथील कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेले 'बीएम ४' व 'बीएम २००३-२' हे वाण मराठवाड्यात परिचित आहेत. घरी पिकलेला असा मूग चांगला वाळवून ठेवल्यास वर्षभर उपयोगी पडतो. दाणे चालू हंगामाचे, भरलेले व किडीने न पोखरलेले असावेत.

पुढील गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात.

१. पेरणीसाठी आणलेले बियाणे कधीही खाण्यासाठी भिजवू नये. मृगाची पेरणी आटोपल्यावर पिशवीच्या तळाशी शेर-दोन शेर मूग किंवा उडीद उरतो आणि तो वाया कशाला घालवावा, असा विचार मनात येतो. परंतु अशा बियाण्यास बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेले असते. ओळख पटावी म्हणून त्यास बहुधा गुलाबी, हिरवा वा निळा रंगही दिलेला असतो. असे दाणे धुतल्याने रंग फिका होतो. विष मात्र जात नाही, शिजविल्यानेही त्याचा भरवसा नाही. ते जनावरांस वा कोंबड्यांसही घालू नये. घरी बीजप्रक्रिया केलेले बियाणे रंगहीन असू शकते, म्हणून त्याचा डबा खूण करून स्वयंपाकघराबाहेर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावा.

२. कीड लागू नये म्हणून विषारी भुकटी किंवा गोळ्या घालून साठविलेले धान्य घेऊ नये.

३. ज्वारीला मोड आणून ते खाऊ नयेत. कोवळी ज्वारी चरल्याने जनावरे दगावतात, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. तेच सायनाइड उत्पन्न करणारे द्रव्य ज्वारीच्या मोडांतही असते.

४. राजमा मोड आणून कच्चा खाऊ नये. तो नेहमी भरपूर उकळूनच खावा.

पाणी

भिजविण्यास पिण्यायोग्य पाणीच वापरावे. पाण्याविषयी शंका असल्यास ते उकळून थंड करून घ्यावे. उकळल्याने जंतू मरतात, परंतु पाण्यात मिसळलेली रासायनिक द्रव्ये नाहीशी होत नाहीत. म्हणून कारखान्यांच्या आसपासच्या विहिरींचे किंवा कूपनलिकांचे पाणी तपासणी झाल्याखेरीज या कामी घेऊ नये.

कृती

पाव किलो मटकी निवडून रोवळीत दोन-तीन पाण्यांनी धुवावी व तिच्या तिप्पट पाण्यात भिजत घालावी. मूग व मटकी यांस ६ ते ८ तास, तर हरभरा व हुलगा यांस १० ते १२ तास पुरतात. नंतर सर्व पाणी निथळून दाणे पुन्हा धुवावेत. दाबून पाहता जे कठीण लागतात ते गणंग दाणे होत. त्यांना मोड येत नाहीत व ते दाताखाली येतात, म्हणून काढून टाकावेत. मग दाणे स्वच्छ धुतलेल्या ओल्या फडक्यात सैल बांधून चाळणीत ठेवावेत. पुरचुंडी घट्ट बांधल्यास हवा मिळत नाही व दाणे कुबट होतात.

उन्हाळ्यात १२ ते १८ तासांत मोड येतात. हिवाळ्यात दीड दिवसही लागतो. वैशाखातील उष्म्याने दाणे आंबतात, म्हणून पुरचुंडी माठाजवळ किंवा खोलीतील गार जागी ठेवावी व दर सहा तासांनी दाणे धुवावेत. थंडीत ती डब्यात घालून वर घोंगडी पांघरावी. मोड अर्धा ते एक सेंटिमीटर झाले की थांबावे. पाव किलोचे सुमारे अर्धा किलो अन्न होते. धुण्याचे पाणी तुळशीला वा झाडांना घालावे. दाण्यांना चिकटपणा, बुरशी किंवा आंबूस वास आल्यास ते सर्व फेकून द्यावेत.

शिजवून खाणे श्रेयस्कर

जी ऊब व ओल मोडांस मानवते, तीच रोगजंतूंनाही मानवते. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या जंतूंमुळे सुमारे ४,००० लोक आजारी पडले व ५० हून अधिक दगावले. तेथे दोष बाहेरून आलेल्या बियाण्यात असल्याचे तपासात आढळले. ते बियाणे दिसण्यास काही वाईट नव्हते. म्हणून लहान मुले, गर्भवती स्त्रिया, वृद्ध व आजारी माणसे यांना कच्चे मोड देऊ नयेत. इतरांनीही मोड झाकण ठेवून चांगली वाफ येईपर्यंत शिजवावेत. यात 'क' जीवनसत्त्व थोडे घटते, म्हणून फार वेळ उकळू नये, शिजविलेले पाणी ओतून टाकू नये आणि वाढताना लिंबू पिळावे. जेवणाबरोबर चहा घेतल्यास लोहाचे शोषण कमी होते, म्हणून तो जेवणानंतर तास-दीड तासाने घ्यावा.

कार्यकर्त्यांसाठी

कामगार वस्त्यांत मोडाच्या कडधान्यास मागणी असते. शेतकरी महिलांच्या गटांना हा लहानसा जोडधंदा होऊ शकेल. मात्र विक्रीसाठी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी आवश्यक आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व अंगणवाडी सेविकांनी प्रात्यक्षिक देताना दोन वाट्या पुढे ठेवाव्यात : एकीत स्वयंपाकघरातील मूग, दुसरीत पेरणीच्या पिशवीतील रंगीत मूग. दुसरी वाटी झाकणबंद काचेच्या बरणीतून दाखवावी व तिला कोणाचाही हात लागू देऊ नये. पहिलीतून कुटुंबास बळ मिळते, दुसरीतून विषबाधा होते, एवढे प्रत्येक घरात उमगले म्हणजे प्रात्यक्षिकाचे सार्थक झाले असे समजावे.